परत न गेलेले पर्यटक

प्रवास हा पूर्वी पुण्यासाठी, पोटासाठी किंवा पळून जाण्यासाठी केला जात असे, आणि या तिन्ही हेतूंत, ज्या गावातून आपण जात आहो त्या गावाचे आपल्या जाण्याने कल्याण व्हावे, हा विचार प्रवाशाच्या मनाला कधी शिवत नसे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञातील दक्षिणेवर नजर ठेवून निघाले. वाटेतील स्थानिक जनतेचा आर्थिक उत्कर्ष हा आपल्या प्रवासाचा हेतू असल्याचे त्यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात कोठेही नमूद केलेले नाही, आणि बंडाच्या धुमाळीत त्यांची जी लुटालूट झाली तिला ‘स्थानिक समाजाशी आर्थिक सहकार्य’ असे नाव देण्याइतकी आपल्या गद्याची प्रगती त्या काळी झालेली नव्हती.

ती प्रगती पुढे झाली. संयुक्त राष्ट्रांनी २००२ हे पर्यावरणीय पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात केपटाउन येथे जमलेल्या मंडळींनी जबाबदार पर्यटनाचा जाहीरनामा काढला. आणि २०१७ हे साल पुन्हा शाश्वत पर्यटनाच्या नावे लावून देण्यात आले. अशा रीतीने पंधरा वर्षांच्या अवधीत, ज्या प्रवाशाच्या पाठीवर पूर्वी फक्त पडशी असे, त्याच्या पाठीवर सबंध पृथ्वीची जबाबदारी येऊन बसली. केपटाउनच्या जाहीरनाम्याचा मथितार्थ असा की, कोणतेही ठिकाण आधी तेथे राहणाऱ्यांसाठी चांगले असावे आणि मग पाहावयास येणाऱ्यांसाठी. या क्रमाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे; पुढे त्याचे काम पडणार आहे.

या नव्या जबाबदारीचा मोठ्यात मोठा साठा हल्ली भारतात कोठे असेल तर तो बंगळुरूच्या आग्नेय अंगास, कोरमंगल्याकडून निघून इब्लूरच्या चौकात बाह्यवर्तुळमार्गास छेदून, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र आदी गावे एकामागून एक पोटात घालीत सर्जापूरला पोहोचणाऱ्या सर्जापूर रोडवर आहे, असे माझे नम्र मत आहे. या मार्गाच्या दुतर्फा जी उत्तुंग संकुले उभी आहेत त्यांची नावे इटलीतील गावांची, फ्रान्समधील बागांची किंवा येथे पूर्वी असलेल्या आणि तोडलेल्या झाडांची आहेत. त्यांत मराठी माणूस विपुल आहे. तो पुण्याचा आहे, नाशिकचा आहे, नागपूरचा तर फारच आहे. गणेशोत्सवात तो शाडूच्या मूर्तीचा आग्रह धरतो, ओला कचरा व सुका कचरा यांत शुचिर्भूत ब्राह्मणाच्या काटेकोरपणाने भेद पाळतो, आणि शुक्रवारी सायंकाळी त्याला निसर्गाची अनावर ओढ लागते.

आमच्या संकुलात असेच एक गृहस्थ आहेत. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण तसे गृहस्थ दर मजल्यास एक या प्रमाणात आढळतात; सोयीसाठी त्यांना ‘जबाबदार गृहस्थ’ म्हणू. त्यांच्या एका प्रस्थानाचा सोहळा तळघरातील वाहनतळावर जवळून पाहण्याचा योग मला आला. प्रथम चार बांबूचे दात घासण्याचे ब्रश, चार पोलादी बाटल्या, नारळाच्या करवंटीची साबणदाणी, सूर्यप्रकाशावर चालणारा कंदील आणि पृथ्वीचे चित्र काढलेली एक प्रचंड तागाची पिशवी, एवढा पर्यावरणस्नेही सरंजाम खाली आला. मग तो मावावा म्हणून घेतलेली सात आसनांची डिझेल मोटार पुढे आली. आणि अखेरीस वहिनींनी बाकरवडीचे पुडे, साजूक तुपाची बरणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी व दहा दिवसांच्या लग्नकार्यास पुरेल इतका चिवडा मागील आसनावर रचला.

“अगं, आपण तिथलं स्थानिक जेवण जेवायला चाललोय,” जबाबदार गृहस्थ क्षीण स्वरात म्हणाले.

“जेवू की. मी कुठं नाही म्हणतेय?” वहिनी म्हणाल्या. “पण पोरांच्या पोटाला काही हवं की नको?”

या प्रश्नाला केपटाउनच्या जाहीरनाम्यात उत्तर नाही.

युरोपात अलीकडे मंद प्रवास नावाचा एक संप्रदाय निघाला असून, घाईघाईने दहा स्थळे पाहण्याऐवजी एकाच ठिकाणी रेंगाळावे, वाटेतील माणसांची विचारपूस करावी, वाटेलाच मुक्काम मानावे, अशी त्याची शिकवण आहे म्हणतात. सर्जापूर रोडवरील रहिवाशाला या पंथाची दीक्षा वेगळी घ्यावी लागत नाही. तिची येथे सक्ती आहे. इब्लूरच्या चौकात रेंगाळताना डावीकडे कोणते दुकान बंद पडून त्या जागी कोणते उघडले, मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या बाईंचा मुलगा यंदा कितवीत गेला, आणि पुढील मोटारीच्या मागच्या काचेवर लिहिलेले इंग्रजी सुभाषित व्याकरणदृष्ट्या कितपत शुद्ध आहे, या सर्वांची साद्यंत माहिती होते. हेब्बाळपासून सर्जापूरपर्यंत सुमारे ३७ किलोमीटरच्या मेट्रोमार्गास राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिल्यापासून तर आमची सहनशीलता तात्त्विक पातळीवर गेली आहे; मेट्रो प्रत्यक्ष येईल तेव्हा येईल, परंतु घरांच्या जाहिरातींत तिचे स्थानक आमच्या दारापासून पाच मिनिटांवर आजच बांधून झालेले आहे.

सहा-सात तासांनी मशारनिल्हे गृहस्थ घाटावरील कॉफीच्या मळ्यातील एका निसर्गनिवासात दाखल झाले. त्यापुढील हकिकत सोमवारी त्यांनी स्वतःच सांगितली आणि छायाचित्रांनी सिद्ध केली. पलंगावर टॉवेलाचे दोन हंस एकमेकांची चोच चोचीस लावून बसविलेले होते, आणि त्यांच्या पायाशी एक कार्ड होते, त्यावर, आपण टॉवेल रोज धुवावयास न टाकल्यास पृथ्वीवरील पाणी वाचेल, अशी काकुळतीची विनंती होती. खिडकीतून खाली पोहण्याचा तलाव दिसत होता. तो काठोकाठ भरलेला असून त्याची पलीकडची कड दिसू नये अशी योजना होती, जेणेकरून तलाव संपून दरी कोठे सुरू झाली हे पाहुण्यास कळू नये. आणि दरीतल्या गावात मार्च महिन्यात पाण्याचा टँकर येतो, हेही कळू नये.

आता या प्रवासाने स्थानिक समाजास काय लाभ झाला, याचा जमाखर्च गावच्या कुलकर्ण्याच्या निष्ठुरपणे मांडला असता पुढीलप्रमाणे रुजवात होते. खोलीच्या भाड्यातून पहिला हिस्सा, खोली मिळवून देणाऱ्या आणि स्वतः कोणत्याच गावात राहत नसलेल्या एका संगणकीय मध्यस्थाने कापून घेतला. दुसरा व मोठा हिस्सा मळ्याच्या मालकाकडे गेला. हा मालक आमच्याच रस्त्यावर, आमच्या संकुलाच्या समोरील संकुलात अठराव्या मजल्यावर राहतो, सबब गृहस्थांनी डोंगर चढून तेथे नेऊन दिलेला पैसा त्यांच्या आधीच सर्जापूर रोडवर परत आला होता. पनीर, बटाटे आणि बाटलीबंद पाणी शहरातून चढविण्यात आले होते. वाढपी आसामातला होता आणि व्यवस्थापक दिल्लीचा. मग स्थानिक माणूस गेला कोठे, अशी चौकशी करता असे आढळले की तो बंगळुरूत टॅक्सी चालवितो आणि शुक्रवारी सायंकाळी इब्लूरच्या चौकात तो गृहस्थांच्या मोटारीच्या पुढेच उभा असण्याचा पुष्कळ संभव आहे.

अपवाद एकच. निवासाच्या फाटकाबाहेर एक म्हातारी पोत्यावर बसून आपल्या परड्यातील काळी मिरी विकीत होती. संपूर्ण सहलीत ज्या एका इसमाच्या हाती पडलेला रुपया त्याच गावात राहणार होता, तो इसम म्हणजे ही बाई. आणि नेमक्या याच ठिकाणी जबाबदार गृहस्थांना आपल्या पाठीवरील जबाबदारीचा विसर पडून वंशपरंपरागत व्यवहारज्ञान जागे झाले. “स्वल्प कडिमे माडी, अम्मा,” म्हणजे थोडे कमी करा, या त्यांना अवगत असलेल्या एकमेव कन्नड वाक्याचा पुनःपुन्हा उच्चार करून त्यांनी पाव किलो मिरीवर वीस रुपये वाचविले, आणि परत आल्यावर ते वीस रुपये त्यांनी आम्हांला पुरुषार्थाचे उदाहरण म्हणून सांगितले. पर्यटकाने दिलेला पैसा पर्यटनस्थळी न टिकता झिरपून जातो, या प्रकाराला अर्थशास्त्रज्ञ गळती म्हणतात. गृहस्थांच्या सहलीत गळती वजा जाता शिल्लक जे राहिले असते, त्यातूनही त्यांनी वीस रुपये कमी केले होते.

परंतु यावरून हा सारा मामलाच थोतांड आहे असे अनुमान काढणे अन्यायाचे होईल. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास म्हणून गाव आहे. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालावयास येतात. ती अंडी पूर्वी माणसे, कुत्री आणि कोल्ही यांच्या पोटात जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने ती राखावयास प्रारंभ केला आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्याने गावकऱ्याच्याच घरी उतरावे, पडवीत टाकलेल्या गादीवर ओळीने निजावे, घरधनीण ताटात वाढील ते निमूटपणे जेवावे, आणि सकाळी व सायंकाळी घरट्यावरील टोपली उचलतील त्या वेळी वाळूत हजर राहावे, असा तेथील शिरस्ता. टोपलीखाली पिल्ले निघाली तर निघाली. न निघाली तर तक्रार ऐकण्यास कोणी बसलेले नाही, कारण अंड्यातून बाहेर केव्हा यावयाचे हा सर्वस्वी कासवाच्या मर्जीचा प्रश्न आहे आणि कासवाला ग्राहकांचे अभिप्राय वाचता येत नाहीत. साताऱ्यावरच्या कास पठाराचीही तीच कथा. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर हे पठार जागतिक वारशाच्या यादीत चढताच ते पाहावयास, आणि त्याहून अधिक त्यावर लोळावयास, जो समुदाय लोटला, त्याला आवर घालण्यासाठी फुलांच्या दिवसांत रोज तीन हजार माणसांची मर्यादा घालण्यात आली, प्रवेशशुल्क बसविण्यात आले, आणि बंदोबस्त पठाराभोवतीच्या गावांच्या समित्यांकडे आला. पुण्यामुंबईचा मोठा अधिकारी फुलांत बसून छायाचित्र काढून घेऊ लागला, की कोठून तरी एका गावकऱ्याची शिट्टी वाजते, आणि तो अधिकारी कचेरीत कोणासाठी उठला नसेल इतक्या चपळाईने उठतो.

या दोन्ही ठिकाणी व्यवस्था यशस्वी होण्याचे कारण सूक्ष्म नाही. शिट्टी गावकऱ्याच्या तोंडात आहे, हे पहिले. आणि पाहुणा परत जातो, हे दुसरे. पर्यटकाच्या अंगी जे काही थोडे गुण असतात त्यांत परत जाणे हा सर्वश्रेष्ठ होय. तो कितीही गोंगाट करो, कितीही मोटारी आणो, रविवारी सायंकाळी तो जातो, आणि सोमवारी गाव आपले अंग झाडून पुन्हा गाव होते. सर्जापूर रोडवर नेमके हेच घडले नाही. आम्ही आलो, आम्हांला हवा आवडली, आणि आम्ही परत गेलो नाही.

मराठी माणसाची येथील ही पहिलीच खेप नव्हे. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या मुलखात आले, आणि पुढे हे शहर त्यांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरास स्थिर झाल्यावर त्यांनी दूरचे बंगळूर तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयरांना विकण्याची बोलणी चालविली. इतक्यात १६८७ साली मोगलांचा सरदार कासिमखान मध्येच येऊन त्याने शहर घेतले आणि त्याच किमतीस वोडेयरांच्या हवाली केले, असे इतिहासकार सांगतात. सबंध शहराचे ते तीन लाख! येथे दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून आगाऊ मोजण्याची जी वहिवाट होती, तिच्या हिशेबाने त्या रकमेत आज सर्जापूर रोडवरच्या तीन खोल्यांच्या घराची निम्मी अनामतही भागेल की नाही, याची शंका आहे. मात्र त्या वेळचे मराठे जहागिरीची सनद घेऊन आले होते आणि प्रसंगी तिच्यावर पाणीही सोडीत होते. आमच्यापाशी सनद नाही. आहे ते वीस वर्षांच्या हप्त्यांचे कर्ज, आणि कर्जाने बांधलेला मनुष्य गाव सोडून जात नाही. पाहुणा म्हणून येऊन जो उठतच नाही त्याला आपल्याकडे घरजावई म्हणतात. आम्ही सर्जापूर रोडचे घरजावई आहो, आणि घरजावयाचा स्वभावच असा, की सासरची विहीर कोणी खणली हे त्याला ठाऊक नसते, परंतु तिचे पाणी मचूळ लागते हे त्याला पहिल्या दिवशी कळते.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, सर्जापूर रोडवर सर्वांत दीर्घ व सर्वांत उद्बोधक प्रवास कोणी करीत असेल तर तो माणूस करीत नसून पाणी करते. कावेरी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून पंपांनी चढविली जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरात जी पाणीटंचाई झाली तिच्यात पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंडाचा हुकूम निघाला होता. त्याच साली ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा शहराच्या कडेच्या ११० गावांसाठी सुरू झाला. तरी बव्हंशी आमची मदार आजही टँकरवर आहे. हा टँकर आसपासच्या एखाद्या खेड्यातल्या विंधनविहिरीपाशी भरतो, म्हणजे त्या खेड्याचे पाणी रोज सकाळी आमच्या भेटीस येते. त्या खेड्याच्या भेटीस आम्ही कधी गेलेलो नाही. वापरून झालेल्या पाण्याचा पुढील मार्गही जुना आहे. या मुलखातील तळी एकाखाली एक अशी साखळीने बांधलेली; वरच्याचा सांडवा राजकालुवे नावाच्या ओढ्याने खालच्यात उतरे, आणि बेळ्ळंदूर व वर्तूर या थोरल्या तळ्यांतून पाणी दक्षिण पिनाकिनीला मिळे. त्या ओढ्यांतून शहराने आपले सांडपाणी सोडल्यावर बेळ्ळंदूरच्या तळ्याने रस्त्यावर फेसाचे डोंगर पाठविण्यास आरंभ केला, आणि २०१५ पासून पुढे त्याने एकाहून अधिक वेळा पेटही घेतला. पाणी पेटल्याचे वर्णन पुराणांत वाचले असता आम्ही त्याला अतिशयोक्ती समजत असू.

परंतु या कथेलाही उपसंहार आहे आणि तो आमच्या गर्वाचे हरण करणारा आहे. २०१८ पासून कोरमंगला-चल्लघट्ट खोऱ्यातील सांडपाणी शुद्ध करून नळांनी कोलार जिल्ह्यातील कोरड्या तळ्यांत सोडले जाते. त्या पाण्याच्या शुद्धतेविषयी वाद झाले व होत आहेत. तरी कोरडी पडलेली तळी भरली आणि विहिरींचे पाणी वर आले, हेही तेथील शेतकरी सांगतात. म्हणजे शहराने अंगावर घेऊन मोरीत सोडलेले पाणी परजिल्ह्यात जाऊन तेथील स्थानिक समाजाच्या उपयोगी पडते. जबाबदार पर्यटनाची व्याख्या याहून पूर्ण रीतीने कोणी अमलात आणल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि या पाण्याने कधी तागाची पिशवी बरोबर घेतलेली नाही.

मागील वर्षी आमच्या संकुलाच्या सभेत दीर्घ वादविवाद होऊन पावसाचे पाणी मुरविण्यासाठी विहिरी घ्याव्या असे ठरले, आणि एके सकाळी मण्णु वड्डर समाजाचे चार इसम फाटकावर येऊन उभे राहिले. पहारेकऱ्याने त्यांना ‘पाहुणे’ या सदरात नोंदवून घेतले. वास्तविक ज्या जमिनीवर तो नोंदवही घेऊन उभा होता तिच्या आसपासच्या विहिरी त्यांच्या वाडवडिलांनी खणलेल्या. महाराष्ट्रास वडार समाज परका नाही. मातीवडार, गाडीवडार, पाथरवट यांनी आपले कालवे, बंधारे आणि रस्ते घडविले, आणि त्यांतील बहुतेकांच्या वाट्यास त्या रस्त्यांवर चालण्यापलीकडे काही आले नाही. सर्जापूरच्या बाजूस भोवीपाळ्य म्हणून यांची वस्ती आहे. विंधनविहिरीच्या यंत्राने त्यांचा धंदा बुडविला होता. बायोम एन्व्हायर्नमेंटल ट्रस्ट व तिचे एस. विश्वनाथ यांनी बंगळुरूसाठी दहा लाख विहिरींची जी चळवळ हाती घेतली, तिने तो पुष्कळ अंशी परत उभा केला.

त्यांचे काम मी बाजूस खुर्ची टाकून पाहिले. खुंटीला सुतळी बांधून त्यांनी तीन फूट रुंदीचे वर्तुळ आखले. एकजण त्यात उतरला. त्याची कुदळ आखूड दांड्याची होती, कारण लांब दांडा तेवढ्या घेरात फिरत नाही. दोघे वरून दोराने माती ओढीत आणि चौथा ती पसरून ठेवी. आधी तांबडी माती आली, मग पिवळसर मुरूम, मग ओलसर पांढुरकी भुसभुशीत. दर पाच-सहा फुटांवर खालचा मनुष्य मुठीत माती घेऊन हुंगे आणि वर काहीतरी सांगे. पंचवीस फुटांवर ते थांबले आणि सिमेंटची कडी एकावर एक उतरवू लागले. एवढ्यात जबाबदार गृहस्थ तेथे आले.

“हे यंत्रानं का करत नाहीत हो? दोन तासांत होईल,” त्यांनी मला विचारले. मी माझ्या मोडक्या कन्नडात प्रश्न विहिरीत सोडला. खालून उत्तर आले. ते वरच्या वडाराने हसत हसत सोपे करून मला समजावले आणि मी मराठीत गृहस्थांना सांगितले, की यंत्राला वास येत नाही, आणि कोणत्या थराला पाणी पाजायचं हे वासावाचून कळत नाही.

गृहस्थांनी विहिरीत डोकावून छायाचित्र घेतले. त्यांना कल्पना नव्हती, परंतु ज्या गोष्टीच्या शोधार्थ ते दर महिन्यास घाट चढतात ती त्यांच्या वाहनतळापासून चाळीस पावलांवर घडत होती. येथे कारागीर स्थानिक, विद्या स्थानिक, माती स्थानिक. आमच्या सोसायटीने दिलेला रुपया संध्याकाळी भोवीपाळ्यास गेला आणि तेथेच राहिला. गळती होती ती फक्त पाण्याची, आणि तीच करून घेण्यासाठी तर विहीर खणली होती.

अशीच गोष्ट कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्याची. सुमारे ४८ एकरांचे हे तळे मरणपंथास लागले असता, आसपासचे नवे रहिवासी, जुने गावकरी आणि महापालिका यांनी मिळून २००८ च्या सुमारास त्याच्या पुनरुज्जीवनास हात घातला, आणि पुढे महादेवपुर परिसर संरक्षणे मत्तु अभिवृद्धी समिती या भारदस्त नावाची संस्था त्याची राखण करू लागली. हरिणी नागेंद्र यांनी बंगळुरूच्या निसर्गाचा जो इतिहास लिहिला त्यातही या तळ्याला स्थान आहे. तेथे आता पाणकावळे येतात, झोळीवाले पेलिकन येतात, आणि त्यांच्याहून मोठ्या थव्याने सकाळी आम्ही येतो. आमच्या पायांत धावण्यासाठी खास घडविलेले जोडे असतात आणि मनगटावर पावले मोजणारे यंत्र. एके दिवशी काठावर एक बाई विळ्याने गवत कापून भारा बांधीत होती, तेव्हा आमच्यातील एका निसर्गप्रेमी धावकाने थांबून तिच्याविषयी हरकत नोंदविली की, अशा लोकांमुळे तळ्याचे सौंदर्य बिघडते. तळी ही मुळात शेताला पाणी, गाईला चारा आणि गावाला मासे मिळावे म्हणून बांधली गेली. त्यांची मोरी उघडण्यास नीरगंटी नावाचा वतनदार असे. धावण्यासाठी तळे बांधावे ही कल्पना कोणत्याही राजाला सुचल्याचा शिलालेख नाही. त्या बाईने आमच्या मित्राकडे एकदा पाहिले, भारा डोक्यावर घेतला आणि ती गेली. तिच्या गाईचे दूध आमच्याच संकुलात येते.

राहता राहिला सप्टेंबर २०२२. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असा पाऊस झाला की सर्जापूर रोड, बेळ्ळंदूर आणि वर्तुळमार्ग जलमय होऊन, ओढ्यांनी आपल्या जुन्या वहिवाटीचा दावा एका रात्रीत निकालात काढला. पावसाचे पाणी विहिरींत मुरविण्याबद्दल ज्या रेनबो ड्राइव्ह वसाहतीची कीर्ती होती, तिच्यातसुद्धा माणसे होडीने बाहेर काढावी लागली. एका वसाहतीने कितीही पाणी जिरविले तरी वरच्या साऱ्या मुलखाचे पाणी तिला एकटीला जिरविता येत नाही. कोट्यवधींच्या मोटारी तळघरांत बुडाल्या, आणि संगणकक्षेत्रातील थोर थोर अभियंते, गळ्यात ओळखपत्र व छातीशी लॅपटॉप धरून, शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या डब्यांत उभे राहून कचेरीस निघाले. माणशी पन्नास रुपये भाडे पडले अशा वार्ता त्या वेळी छापून आल्या होत्या.

पर्यटनशास्त्राच्या सर्व कसोट्या लावून पाहता सर्जापूर रोडच्या इतिहासात इतकी निर्दोष जबाबदार सहल दुसरी झालेली नाही. वाहन स्थानिक होते आणि एका फेरीत वीसजण नेत होते. चालक स्थानिक असून पाण्याखाली खड्डा कोठे, राजकालुवे कोठून जात असे, आणि कोणत्या संकुलाखाली कोणाचे भाताचे खाचर होते, हे त्याला नकाशावाचून ठाऊक होते. भाडे त्याने सांगितले तेच पाहुण्यांनी दिले. “स्वल्प कडिमे माडी” म्हणण्याची छाती त्या दिवशी कोणाची झाली नाही. मध्यस्थ नव्हता, कमिशन नव्हते, गळती नव्हती. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, येथे बारा-बारा वर्षे राहिलेल्या माणसांनी गावकऱ्याला विचारले, की पाणी इकडे का येतं? त्याने हात लांब करून उत्तर दिले. त्यातील नावे त्यांना कळली नाहीत, दिशा मात्र कळली. चार दिवसांनी पाणी ओसरले आणि विचारपूसही ओसरली.

तेव्हा जबाबदार गृहस्थांनी वेळासला जावे, कासला जावे, घाटावरच्या त्या म्हातारीला पुढील खेपेस वीस रुपये अधिक द्यावे. त्यास कोणाचीच हरकत नाही. परंतु ठिकाण आधी राहणाऱ्यांसाठी चांगले असावे हा केपटाउनचा क्रम जर खरा असेल, तर पाहुण्याचे सर्व नियम, म्हणजे यजमानाचे पाणी पुरवून वापरणे, त्याच्या माणसांना काम देणे, त्याच्या वाटा न अडविणे आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलणे, हे शनिवार-रविवारच्या मुक्कामापेक्षा सोमवार ते शुक्रवारच्या मुक्कामास अधिक कडकपणे लागू व्हावयास पाहिजेत, कारण तो मुक्काम संपण्याची काहीच चिन्हे नाहीत. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पर्यटकास गावाचे सांगणे थोडकेच असते: फुले तोडू नका, कचरा टाकू नका, वेळेवर निघा. आमच्यासारख्या न जाणाऱ्यांस सांगण्यासारखे सर्जापूर रोडवरच्या जुन्या गावांपाशी पुष्कळ असले पाहिजे, आणि ते त्यांनी सांगितलेही असेल. परंतु ते सर्व कन्नडमध्ये असल्यामुळे आम्हांपैकी बहुतेकांच्या अद्यापि कानांवर आलेले नाही.